आई अडुसष्टच्या, बाबा एकाहत्तरचे

मी खराडीतल्या एका कंपनीत काम करते. नेमकं काय करतेस, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. अमेरिकेतल्या एका राज्यातल्या रहिवाशांना आरोग्य विमा मिळू शकतो की नाही, मिळत असेल तर कोणता, आणि नसेल तर का नाही, हे आम्ही खराडीत बसून तपासतो. तिकडे सरकार बदललं की नियम बदलतात, आणि तिकडे नियम बदलले की इकडे आम्हाला प्रशिक्षण लागतं. तिकडची एखादी म्हातारी मुलीकडे राहायला गेली, तिची पेन्शन वाढली, तिने घर विकलं, तर ती कशाला पात्र आणि कशाला अपात्र, हे मी झोपेतसुद्धा सांगीन. माझ्या सासऱ्यांना याचं भारी कौतुक. "आमची सून अमेरिकेचा विमा बघते," असं ते गल्लीत सगळ्यांना सांगतात.

"हो का? मग इथला कोण बघतं?" असं आमच्या खालच्या काकूंनी एकदा विचारलं होतं. मी हसून सोडून दिलं. पण तेव्हा आमच्या घरात खरोखरच कुणी बघत नव्हतं.

आमचं घर कसबा पेठेत, पहिल्या मजल्यावर. इमारत नवी आहे, पण नवी म्हणजे कसब्यातली नवी. लिफ्ट येणार होती, तिच्यासाठी खड्डासुद्धा ठेवला होता. बिल्डर गेला, खड्डा राहिला. त्यात आता सगळ्यांच्या मोडक्या खुर्च्या आहेत. गल्ली इतकी अरुंद की रिक्षावाला नाक्यावरच थांबतो आणि "आत नाही येणार" असं आपण काही बोलायच्या आधीच सांगतो. त्यामुळे आमच्याकडे सगळं पायी. देऊळ पायी, भाजी पायी, भांडण पायी जाऊन करायचं.

आणि माझ्या सासूबाईंचे पायच गेले होते. दोन्ही गुडघे. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "आता औषधं वगैरे विसरा, गुडघे बदलावे लागतील." त्यालाही दोन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून आई गॅलरीत. तिथे त्यांची खुर्ची, शेजारी दोरीला बांधलेली पिशवी. पिशवी खाली सोडायची, भाजीवालीने वजन करून टाकायचं, आईंनी वरूनच "काटा दाखव" म्हणायचं. कुणाची स्कूटर कुठे लावायची, कुणाच्या पोराने आज शाळा बुडवली, सगळी खबर गॅलरीत. आम्हाला वाटायचं, बरं चाललंय की यांचं.

एकदा मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "वरून सगळ्यांची टकलंच दिसतात गं. तोंडं बघून वर्षं झाली."

हसून म्हणाल्या, पण मी आत जाऊन पुन्हा एकदा खर्च मांडून बसले.

शस्त्रक्रियेचा खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता असं नाही. माझ्या मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडली असती तर झालं असतं. पण त्या ठेवीला हात लावायचा विषय निघाला की आई म्हणायच्या, "मग मला गुडघ्यांसकट खाली फेका." नवीन विमा काढावा, तर एजंट लोक आईंचं वय आणि गुडघे ऐकून चहासुद्धा अर्धा टाकून जायचे. राहता राहिला माझ्या कंपनीचा विमा. त्यात सासू-सासरे होते, गुडघ्यांसाठी काही वर्षं थांबायची अट होती, आणि ती संपेल त्याच भरवशावर मी होते. तर एक दिवस मेल आला. सुरुवात अशी की 'कळवण्यास आनंद होतो', आणि आनंद कसला, तर यापुढे आई-वडील आणि सासू-सासरे यांना विम्यातून वगळण्यात आलं आहे. मी दिवसभर परक्या देशातल्या म्हाताऱ्यांना पात्र ठरवत होते, आणि माझ्या घरची दोन म्हातारी माणसं एका ओळीत अपात्र झाली! मी डबासुद्धा खाल्ला नाही त्या दिवशी.

अशात सरकारी विम्याचे नियम बदलले. ती बातमी बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वाचून दाखवली. बाबा सकाळी पेपर मोठ्याने वाचतात, शेवटच्या पानावरच्या वधू-वर जाहिरातींसकट. समोर कुणी ऐकत असलं पाहिजे अशी अट नाही. "सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना," बाबा म्हणाले, "स-ग-ळ्यां-ना! उत्पन्न कितीही असो!" आम्ही स्वयंपाकघरातून बाहेर आलो. आमचं रेशनकार्ड पांढरं. पांढरं रेशनकार्ड असलेल्या माणसाला या देशात उपदेशाखेरीज काही फुकट मिळत नाही, असं आम्ही जन्मभर धरून चाललो होतो.

"मला नको फुकटचं," बाबा लगेच म्हणाले. एका कारखान्यात त्यांनी स्टोअरकीपर म्हणून उभा जन्म काढला. साधा स्क्रूसुद्धा त्यांनी सहीशिवाय कुणाला दिला नाही. पण पुढच्याच आठवड्यात खालच्या काकूंनी आपलं विम्याचं कार्ड आणून, त्याला प्लास्टिक चढवून गल्लीभर मिरवलं, तेव्हा बाबा गुपचूप नोंदणी केंद्रावर जाऊन आले. आधारकार्डावर त्यांचं वय एकाहत्तर. तोंडाचा फोटो काढला, झालं. कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून ते दूधवाल्यालाही दाखवायला लागले. माणूस कसा, तर ठणठणीत. आजारपण म्हणजे कधीतरी उचकी.

आणि ज्यांना गरज, त्या आई आधारकार्डावर अडुसष्टच्या.

"थांबू की दोन वर्षं," आई म्हणाल्या. "कुठे पळून चाललेत गुडघे?"

मी हार मानायला तयार नव्हते. माझा धंदाच तो. त्यांच्या पिढीत जन्मतारखेची काय तऱ्हा असते हे मला माहीत होतं. शाळेत नाव घालायला पोरगं नेलं की हेडमास्तर त्याच्याकडे बघून तारीख ठोकून द्यायचे, आणि ती हमखास एक जून. बाबांची एक जून, त्यांच्या भावाची एक जून, त्यांच्या सगळ्या मित्रांची एक जून. त्या दिवशी त्यांच्या ग्रुपवर इतके केक येतात की मोबाइल बंद पडतो. म्हटलं, आईंच्या बाबतीतही असाच काही गोंधळ असेल आणि वर्ष-दोन वर्षं आपल्या बाजूला पडतील. मी विचारलं, "आई, तुमचा मॅट्रिकचा दाखला कुठे आहे?"

"तो होय," आई गवार मोडता मोडता म्हणाल्या, "तो पानशेतच्या पुरात गेला."

बाबांनी मान हलवली. माझ्या नवऱ्यानेही मान हलवली. कसब्यात एखादा कागद सापडत नसला की तो पुरात गेलेला असतो, आणि त्यावर पुढे कुणी प्रश्न विचारत नाही. धरण फुटलं, नदी पेठांत शिरली, लोकांचे संसार वाहून गेले, ते अगदी खरं. पण त्या पुराने त्यानंतर गेलेल्या वस्तूही बऱ्याच नेल्या आहेत. माझ्या नवऱ्याने एकदा लायब्ररीचं पुस्तक पुरात गेल्याचं सांगितलं होतं. त्याचा जन्म पुरानंतर वीसेक वर्षांनी. मीसुद्धा मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी खराडीची बस पकडली.

बस पुलावर अडकली. खाली नदी. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. पूर आला एकसष्ट साली. आधारकार्डाच्या हिशेबाने आई तेव्हा चार वर्षांच्या. चार वर्षांच्या मुलीचा मॅट्रिकचा दाखला कसा वाहून जाईल? दाखला पुरात जायचा तर ती मॅट्रिक पुराच्या आधी झालेली हवी, म्हणजे आज ऐंशीच्या पुढची हवी! वय लपवायला निघालेल्या बाईने एका वाक्यात स्वतःला थेट ऐंशीपार नेऊन बसवलं होतं. मी बसमध्ये एकटीच हसत सुटले. शेजारची मुलगी जरा सरकून बसली.

शनिवारी दुपारी बाबा झोपले होते. मी गॅलरीत गेले आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, पूर आला तेव्हा तुम्ही कितवीत होतात हो?"

"तिसरीत," आई म्हणाल्या. आणि थांबल्या.

त्यांनी एकदा आतल्या खोलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"वकील व्हायला हवी होतीस तू," म्हणाल्या. आणि मग, चारचौघांत शिवी द्यावी तशा हळू आवाजात, "बहात्तर."

मी उडालेच. म्हणजे नियम बदलला त्या दिवसापासून या बाई पात्र होत्या!

मग सगळं बाहेर आलं. पंचवीस उलटली तरी लग्न जमत नव्हतं. वडील आजारी, पाठच्या बहिणीला स्थळं यायला लागलेली. अशात आत्याने हे स्थळ आणलं, मुलगा तेवीसचा. आत्या म्हणाली, एकवीस सांग. "मी म्हटलं, आत्या, एवढं खोटं? तर म्हणते, खोटं कुठे बोलायचंय, चार वर्षं विसरायची आहेत."

"आणि पत्रिका?"

"आत्याचे यजमानच पत्रिका करायचे."

मी कपाळावर हात मारला. "अहो आई, पण आता काय त्याचं? आपण आधारवरची तारीख बदलू, कार्ड काढू. बाबांना सांगू."

आईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "ह्यांना कळता कामा नये. शपथ आहे तुला माझी. मी दोन वर्षांनी लहान म्हणून ह्यांनी मला करून घेतली. फसवून गळ्यात पडले असं होईल ना गं."

"या वयात काय घटस्फोट देणार आहेत का ते?"

"देणार नाहीत. बोलणारसुद्धा नाहीत. ह्यांना काही लागलं ना मनाला, की हे पेपर मनात वाचतात. त्यांची आई गेली तेव्हा सहा महिने मनात वाचत होते. मला नाही सोसायचं ते पुन्हा. त्यापेक्षा दोन वर्षं बसते इथे."

मला इतका संताप आला! एकीकडे गुडघे, दुसरीकडे पेपर. दोन वर्षांनी त्या आणखी थकणार, मग डॉक्टर म्हणणार, आता वय झालं, नको. तुम्हाला तोंडं बघायची आहेत की टकलं, असं मी त्यांना विचारलंसुद्धा. त्यांनी पिशवी खाली सोडली आणि कोथिंबिरीवरून भांडायला लागल्या.

पुढे महिनाभर मी शपथ पाळली आणि भांडी आपटली. नवऱ्याने विचारलं, काय झालंय, तर म्हटलं, काही नाही. त्यालाही ते पटलं. पुरुषांचं हे एक बरं असतं.

मग एका सकाळी बाबा दूध घेऊन येत होते आणि एका स्कूटरवाल्याने त्यांना कट मारला. बाबा पडले. अगदी आमच्या गॅलरीखाली. आईंनी वरून पाहिलं. मी न्हाणीघरात होते. मला नुसती आईंची हाक ऐकू आली आणि मग दार धाडकन उघडल्याचा आवाज. मी ओल्या केसांनी धावले, तर आई जिन्यात. चार पायऱ्या कशाबशा उतरल्या होत्या. कठडा दोन्ही हातांनी धरलेला, गुडघे लटलटत होते. खालीही जाता येईना, वरही येता येईना. "ह्यांना बघ, माझं सोड, ह्यांना बघ!" असं ओरडत होत्या.

बाबांना काही झालं नव्हतं. कोपर खरचटलं होतं आणि दूध सांडलं होतं. लोकांनी उठवून बसवलं, खालच्या काकूंनी चहा पाजला, आणि बाबा स्कूटरवाल्याला "डोळे खिशात ठेवले होते का?" असं विचारण्याइतके ठीक होते. पण आई त्या पायरीवर बसून रडल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. माझा नवरा त्यांना उचलून वर घेऊन गेला.

त्याच दिवशी मला म्हणाल्या, "माझा माणूस खाली पडला आणि मी जिन्यात. बास झालं. उद्या चल. ह्यांना सांग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय."

मॅट्रिकचा दाखला लग्नाच्या शालूच्या घडीत होता, कोरा करकरीत. पुराला त्याचा पत्ताच नव्हता. दोन शेजाऱ्यांनी खुर्चीतून आईंना नाक्यापर्यंत नेलं आणि आम्ही आधार केंद्रावर पोचलो. तिथे सगळी आजी-आजोबा मंडळी, आणि टेबलामागची मुलगी नुसती तारीख विचारत होती: "एक जून? एक जून? तुमचीही एक जून?" आमचा नंबर आला. तिने दाखला पाहिला, आधार पाहिलं.

"आजी, या दाखल्यावर नाव वेगळंय."

"माहेरचं आहे."

"पण हे तुमचंच कशावरून?"

"मग कुणाचं? मी काय दुसरीचा दाखला शालूत ठेवीन?"

"लग्नाची नोंदणी केल्याचा दाखला आणावा लागेल," मुलगी म्हणाली. बिचारी नम्रपणे म्हणाली. "म्हणजे दोन्ही नावं जुळतील."

"आमच्या लग्नात दाखला नव्हता गं बाई," आई म्हणाल्या. "जेवण होतं."

मी नियम वाचून काढले. लग्नाची नोंदणी आताही करता येते. लग्नाची पत्रिका किंवा फोटो, साक्षीदार, दोघांच्या जन्मतारखेचे पुरावे. आणि वधू-वर दोघांनी समक्ष हजर राहायचं. हे शेवटचं वाक्य मी रिक्षात आईंना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "संपलं," म्हणाल्या.

पण मी घरी गेल्यावर नवऱ्याशी बोलताना बोलून गेले की, कार्डाच्या कामाला आई-बाबांच्या लग्नाची नोंदणी लागणार आहे, आणि बाबांनी आतून ऐकलं. मी वय-बिय काही बोलले नव्हते, शपथ पाळली होती. पण बाबा टाळी वाजवत बाहेर आले. "नोंदणी? करू की! कायद्याने आपण अजून सडेच की काय?" संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. साक्षीदार म्हणून खालच्या काकू तयार झाल्या, कारण लग्नाला त्या होत्या. "जिलबी कमी पडली होती, माझ्या चांगलं लक्षात आहे," असं त्यांनी जाहीर केलं. आता आई नाही म्हणाल्या असत्या तर का नाही, हे सगळ्या पेठेला सांगावं लागलं असतं.

महापालिकेच्या कार्यालयात आमच्या पुढे-मागे सगळी ताजी जोडपी, हातावर मेंदी असलेली. बाबांनी कोट घातला होता. आई व्हीलचेअरवर, शालू नेसून, चेहरा असा की फाशी जाहीर व्हायची आहे. टेबलावरच्या साहेबांनी मान वर न करताच विचारलं, "वधू-वर कुठे आहेत?"

"हे काय, समोरच," बाबा म्हणाले.

साहेबांनी मान वर केली. मग चष्मा पुसला. कागद एकेक करून पाहिले. दाखल्यावर येऊन थांबले, बाबांचं आधार पुन्हा उचललं, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि सरकारी माणूस बोलतो तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "वधू वरापेक्षा मोठी आहे?"

मेंदीवाल्या मुलीसुद्धा बघायला लागल्या. खालच्या काकूंचं तोंड उघडंच राहिलं. आईंनी पदर इतका घट्ट धरला होता की मला वाटलं शालू फाटणार. मी बाबांकडे बघितलं. आईंकडे बघायची माझ्यात हिंमत नव्हती.

"हो," बाबा म्हणाले. "माहितीये मला. पुढचं लिहा."

"दीड वर्षाने मोठी दिसतेय."

"कागदावर दीड. खरं म्हणाल तर जवळजवळ तीन. मला हेडमास्तरांनी मोठं केलंय. घरी फार दंगा करायचो म्हणून लवकर शाळेत टाकलं. मी अजून सत्तरचा नाही."

"आजोबा," साहेब हळूच म्हणाले, "हे इथे बोलू नका. कार्ड काढलंय ना तुम्ही?"

बाबांचा हात झटकन खिशाकडे गेला. मला हसू आवरेना. ज्यांना कार्ड मिळायला नको होतं त्यांच्या खिशात ते होतं, आणि जिला मिळायला हवं होतं ती समोर बसून होती! अमेरिकेतला कुठलाही नियम आमच्या घराला पुरला नसता.

आई हसल्या नाहीत. घरी येईपर्यंत दोघंही एक अक्षर बोलली नाहीत. रात्री जेवतानाही "मीठ द्या" एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीपेक्षा लवकर उठून बसल्या. बाबांपुढे चहा ठेवला, पेपर ठेवला आणि खुर्चीत अंग चोरून बसल्या. मी ओट्याशी उभी राहून कान देत होते. बाबांनी पेपर उघडला. पान उलटलं. काही आवाज नाही. आईंनी माझ्याकडे बघितलं.

मग बाबांनी घसा खाकरला. "वधू पाहिजे," ते मोठ्याने वाचायला लागले. "उच्चशिक्षित, गोरी, वरापेक्षा लहान. हॅ! काय लोक असतात एकेक!"

आईंनी पदर तोंडाला लावला. रडत होत्या की हसत होत्या, मी विचारलं नाही. मीही तेच करत होते.

पुढचं सगळं रांगेत लागत गेलं. लग्नाचा दाखला, मग आधारवरची नवी तारीख, मग नोंदणी. केंद्रावरच्या पडद्यावर आईंच्या नावापुढे 'पात्र' असं उमटलं. हा शब्द मी रोज हजारदा बघते, तो उमटवायचा मला पगार मिळतो. त्या दिवशी मी त्याच्यापुढे ढसाढसा रडले. केंद्रावरच्या मुलीने मला पाणी दिलं. वर, "ताई, तुमचं वय बसत नाही," असं समजावलंही.

योजनेतल्या रुग्णालयात आधी एक गुडघा झाला, काही आठवड्यांनी दुसरा. आईंनी दोन्ही वेळा डॉक्टरांना बजावलं की, वय बहात्तर लिहा, खाडाखोड नको. व्यायाम करून घेणाऱ्या मुलीला त्यांनी इतकं छळलं की ती शेवटी म्हणाली, "आजी, तुम्हीच सांगा, आज काय करायचं?" आणि मग तो दिवस आला. आई जिना उतरल्या. एकेक पायरी, कठड्याला एक हात, मी मागे, बाबा पुढे. ज्या पायरीवर त्या रडल्या होत्या, तिच्यावर जरा थांबल्या आणि पुढे गेल्या.

खाली काकू उभ्याच होत्या. "काय हो," त्यांनी सुरुवात केली, "मी तुमच्याहून वर्षाने लहान! आणि इतकी वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला तुम्ही माझ्या पाया पडलात. आता काय करायचं?"

"आता तुम्ही पडा."

"पडले असते. पण माझे गुडघे कुठे नवे आहेत?"

दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. कितीतरी वेळ. आई काकूंचा चेहरा असा बघत होत्या की काकू लाजल्या आणि घरात गेल्या.

मग आई आणि बाबा देवळाकडे निघाले. मी दोन पावलं मागे. गल्लीतले लोक दारांत आले होते. भाजीवालीने आईंच्या हातातली दोरी नसलेली पिशवी बघून हात जोडले. थोडं पुढे गेल्यावर आईंनी विचारलं. इतके दिवस विचारायचं धाडस झालं नव्हतं. "तुम्हाला कधी कळलं हो?"

"काय?"

"तेच."

"त्यात कळायचंय काय? शाळेत तुझा भाऊ माझ्या पुढच्या वर्गात होता. आणि रोज त्याला बोटाला धरून कोण आणून सोडायचं? मोठी बहीण. दोन वेण्या घातलेली. मी दारात उभा राहून बघायचो."

आई चालायच्या थांबल्या. "मग आत्याने एकवीस सांगितलं तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो असतो तर आमच्या वडिलांनी स्थळ मोडलं असतं," बाबा म्हणाले. "आणि मला तर हीच पाहिजे होती."

पुढे रस्ता जरा उंचसखल आहे. बाबांनी कधी भर रस्त्यात बायकोला हात लावलेला मी पाहिलेला नाही. त्यांनी आईंचा हात धरला.

"अहो, सोडा! लोक बघताहेत!"

"बघू देत," बाबा म्हणाले. "मोठ्या माणसांना धरून न्यावं लागतं."

आईंनी हात सोडवून घेतला नाही.